दुधी काच : उजळ कीं खरी ?

आमचा व्यवसाय शिक्षकाचा, आणि तोहि संस्कृत शिकविण्याचा. शब्दरूपें, समास आणि वृत्तें ह्यांत आमचीं चौतीस वर्षें गेलीं. तेव्हां कॅमेऱ्याच्या अंतरंगाविषयीं आम्हीं चार शब्द लिहावे, हा कोणास अव्यापारेषु व्यापार वाटण्याचा संभव आहे. परंतु कांहीं वस्तु वारशानें घरीं येतात, आणि त्यांच्यामागून त्यांची विद्याहि शिकावी लागते. आमच्या घरीं अशी जी वस्तु आली ती म्हणजे आमचे चुलते कै. तात्या ह्यांचा रोलायकॉर्ड कॅमेरा. तात्या मुंबईस रेल्वेंत नोकरीला होते. १९५६ सालीं त्यांनीं तो घेतला आणि १९९४ सालीं, हात कांपूं लागले तेव्हां, चामड्याच्या पेटीसह आमच्या स्वाधीन केला. देतांना म्हणाले, "वर्षांतून चार वेळां तरी ह्याला हात लावीत जा, नाहींतर ह्याचे सांधे धरतील, माझे धरले तसे."

तात्यांची ही आज्ञा आम्हीं पाळली. मात्र ह्याच कॅमेऱ्याची दुधी काच बदलतांना आमच्या हातून एक चूक झाली, आणि तिची भरपाई पैशानें होण्यासारखी नाहीं. आजकाल पुष्कळ घरांतून असे कॅमेरे माळ्यावरून व ट्रंकांतून पुन्हां बाहेर निघूं लागले आहेत. मोबाईलवर क्षणांत शंभर चित्रें घेणारीं नातवंडें आजोबांचा कॅमेरा मागूं लागलीं आहेत, आणि त्यांत घालावयाची फिल्म आजहि तयार होते. अशा घरीं आमची चूक पुन्हां घडूं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

कॅमेऱ्याची रचना

प्रथम ही काच असते कोठें आणि करते काय, हें समजून घेऊं. जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरीं पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके ह्या दोघांनीं १९२० सालीं कारखाना काढला. १९२९ सालीं त्यांचा रोलायफ्लेक्स बाजारांत आला, आणि १९३३ सालीं त्याचा थोडा स्वस्त असा धाकटा भाऊ रोलायकॉर्ड आला. ह्या कॅमेऱ्यांस एकावर एक अशीं दोन भिंगें असतात. खालचें भिंग फिल्मवर चित्र उमटवितें. वरचें भिंग केवळ पाहण्यासाठीं. वरच्या भिंगांतून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळतो आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर आडव्या बसविलेल्या दुधी काचेवर चित्र उमटवितो. वरचें टोपण उघडून, मान खालीं घालून, तें पाहावयाचें. चित्र सुलटें दिसतें, मात्र उजव्याचें डावें होतें.

दोन्ही भिंगें एकाच पाटीवर बसविलेलीं असल्यामुळें तीं बरोबरच पुढें सरतात आणि बरोबरच मागें येतात. तेव्हां सारा भरंवसा एका गोष्टीवर आहे. वरच्या भिंगापासून आरशापर्यंत व तेथून काचेपर्यंतचें अंतर, आणि खालच्या भिंगापासून फिल्मपर्यंतचें अंतर, हीं दोन्ही सारखीं असलीं पाहिजेत. तीं सारखीं असतील तर काचेवर जें रेखीव दिसेल तेंच फिल्मवर रेखीव उमटेल. तीं सारखीं नसतील तर काच एक सांगेल आणि फिल्म दुसरेंच लिहील; आणि पाहणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागणार नाहीं.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. काचेला दोन बाजू असतात; एक गुळगुळीत व दुसरी घासून खरखरीत केलेली. चित्र उमटतें तें खरखरीत बाजूवर. म्हणून मोजावयाचें अंतर तें ह्या खरखरीत बाजूपर्यंतचें, काचेच्या वरच्या कडेपर्यंतचें नव्हे. सामान्यतः ही बाजू खालीं, आरशाकडे तोंड करून असते.

आम्हीं काय केलें

दोन वर्षांपूर्वीं आमच्या डोळ्यांस मोतीबिंदु झाला. कॅमेऱ्यांत पाहिलें कीं चित्राचे कोपरे काळोखांत बुडालेले दिसत. मधल्या भागांतहि चेहरा ओळखावयास वेळ लागे. त्यांतच एके दिवशीं काच पुसतांना तिचा एक कोपरा टवका उडून फुटला. मग आम्हीं ठरविलें कीं, आतां नवीन काच घालावयाची, आणि घालावयाची ती चांगली उजळ. एका शहरांतील दुकानदाराकडे चौकशी केली. त्यानें दुसऱ्या एका मोठ्या कॅमेऱ्याचा प्लॅस्टिकचा पडदा आमच्या मापानें कापून दिला. चार बारीक स्क्रू काढून टोपण उचललें, जुनी काच काढली, नवा पडदा बसविला आणि अंगणांत येऊन पाहिलें. काय तो उजेड ! तुळशीवृंदावनाचा एकेक चिरा, पारिजातकाचें पान न् पान जणूं रंगविलेल्या चित्रासारखें काचेवर उभें राहिलें. आमच्या सौ. नीं डोकावून पाहिलें आणि म्हणाल्या, "अगोबाई ! ह्यांत तर बाहेरच्यापेक्षां जास्त लख्ख दिसतें !" आम्हीहि तेव्हां ह्या वाक्यावर खूष झालों. आज विचार करतां वाटतें, बाहेरच्यापेक्षां जास्त लख्ख दिसतें, येथेंच आम्हांस शंका यावयास हवी होती.

शंकेस दुसरेंहि एक कारण मिळालें होतें. आम्ही वाईस राहतों. घराच्या गच्चीवरून पांडवगड स्वच्छ दिसतो. भिंगाचें चाक अगदीं शेवटच्या, म्हणजे अनंताच्या, खुणेवर आणून गडाकडे पाहिलें तेव्हां त्याची कडा किंचित् धुरकट वाटली. उलट समोरच्या वाड्याची कौलें मात्र रेखीव दिसत होतीं. आम्हीं तो दोष आमच्या डोळ्यांचा समजलों. मोतीबिंदूवर सर्व खापर फोडणें सोपें असतें.

पहिली फिल्म कृष्णेच्या घाटावर काढली. ऊन भरपूर होतें, म्हणून भिंगाचें छिद्र लहान, म्हणजे एफ/११ वर ठेविलें होतें. ढोल्या गणपतीचें देऊळ, घाटाच्या पायऱ्या, सारें उत्तम निघालें. आमची खात्री पटली.

त्यानंतर महिन्याभरानें धाकट्या पुतण्याच्या मुलाची मुंज आमच्या घरीं झाली, आणि त्या निमित्तानें आमची थोरली बहीण अक्का माहेरीं आली. अक्कांचें वय तेव्हां चौऱ्यायशीं. आमची आई आम्ही पांच वर्षांचे असतांना गेली. त्यानंतर आम्हांस जेवूं घालून शाळेंत पाठविणारी तीच. फोटोचा तिला मनापासून कंटाळा. लग्नाचा एक फोटो सोडला तर ती पुढें कधीं कॅमेऱ्यासमोर बसली नाहीं. त्या दिवशीं मात्र, कां कोण जाणे, माजघरांतल्या खांबाला टेकून बसली असतां म्हणाली, "काढ रे एक. तात्यांच्या पेटीनें काढ. पण मला हंसायला सांगूं नकोस."

खिडकींतून मंद उजेड येत होता, म्हणून छिद्र पूर्ण उघडें, एफ/३·५ वर ठेवावें लागलें. अंतर पांच फूट. भिंगाचें चाक फिरवून तिच्या डोळ्यांवर चित्र रेखीव केलें. नव्या काचेवर तिच्या भुवईचा पांढरा केसहि दिसत होता. तिघांचौघांना शांत राहावयास सांगून आम्हीं तीन चित्रें घेतलीं.

फिल्म पुण्यास धुवावयास पाठविली. ती परत येईपर्यंत अक्का सासरीं गेली होती. पाहतों तों तिन्ही चित्रांत अक्काचा चेहरा धुक्यांत बुडालेला, आणि तिच्या पाठीमागचा खांब असा स्वच्छ कीं, सागवानाची एकेक रेघ मोजून घ्यावी. वाटलें, पुन्हां आली म्हणजे दुसरें काढूं. पौषांत ती गेली.

चूक कोठें होती

आमचा थोरला पुतण्या पुण्यास यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत आहे. तेराव्या दिवसासाठीं आला असतां त्यानें तीं चित्रें पाहिलीं आणि कॅमेरा मागून घेतला. दोन दिवसांनीं त्याचा फोन आला. "काका, तुमचा पडदा उजळ आहे, पण जागेवर नाहीं. ज्या बाजूवर चित्र उमटतें ती जुन्या काचेच्या मानानें अर्धा मिलिमीटर वर आहे."

"अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाएवढेंहि नव्हे !" आम्ही म्हणालों.

"तेवढा पुरतो, काका. आपण हिशेब करूं."

त्यानें केलेला हिशेब शाळेंतल्या गणिताबाहेरचा नाहीं. भिंगाचें केंद्रान्तर ७५ मिलिमीटर. फिल्म अर्धा मिलिमीटर चुकीच्या जागीं असेल तर प्रत्येक बिंदूचा एक लहान गोल ठिपका होतो, आणि त्या ठिपक्याचा व्यास म्हणजे त्या अर्ध्या मिलिमीटरला छिद्राच्या आंकड्यानें भागून येणारी संख्या. एफ/३·५ ला ती येते सुमारें ०·१४ मिलिमीटर. एफ/११ ला येते सुमारें ०·०४५. ह्या आकाराच्या फिल्मवर ०·०५ पर्यंतचा ठिपका डोळ्यास बिंदूच वाटतो, असें सामान्यतः धरतात. म्हणजे घाटावरच्या उन्हांत दोष होताच, पण तो मर्यादेच्या आंत लपून राहिला. माजघरांत तोच दोष मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होऊन बाहेर पडला. पांच फुटांवर ह्या अर्ध्या मिलिमीटरचा परिणाम असा कीं, रेखीवपणा डोळ्यांवरून उठून सात-आठ इंच मागें जाऊन बसला. अक्काच्या डोळ्यांपासून खांब तेवढाच मागें होता.

आणि पांडवगडाचा धुरकटपणा ? त्याचाहि उलगडा ह्याच हिशेबांत झाला. काच अर्धा मिलिमीटर लांब असली म्हणजे भिंग अनंताच्या खुणेवर असतांना काचेवर रेखीव दिसतें तें सुमारें अकरा मीटरांवरचें. दूरचा डोंगर नव्हे. समोरच्या वाड्याचीं कौलें रेखीव कां दिसलीं, हें आतां कळलें. डोळे आमचे खरें सांगत होते. आम्हींच त्यांना खोटें ठरविलें.

न्यायशास्त्रांत भ्रमाचें उदाहरण म्हणून शिंपल्याचा दाखला देतात. शिंपला चकाकतो म्हणून पाहणाऱ्यास तो रुपें वाटतो. हा दाखला आम्हीं कितीतरी वर्षें विद्यार्थ्यांस समजावून दिला, आणि चकाकणाऱ्या काचेच्या बाबतींत आम्ही स्वतःच त्यांत सांपडलों. ज्या मास्तरानें परीक्षा घेतल्यावांचून एकाहि मुलास वर चढविलें नाहीं, त्यानें एका काचेला परीक्षेवांचून पास केलें. दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यानें उजळ मागितली ती उजळ दिली.

काच निवडतांना

त्यानंतर सहा महिने पुतण्याच्या मदतीनें आम्हीं हा विषय अभ्यासिला. त्यांतून जें हातीं आलें तें क्रमानें देतों. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक, आमच्याप्रमाणेंच, शेवटची गोष्ट पहिली करतात.

पहिली गोष्ट आरशाची. चित्र अंधुक दिसूं लागलें कीं दोष काचेचा, असें समजूं नये. पुष्कळ वेळां काच निर्दोष असते आणि आरसाच मलिन झालेला असतो. ह्या कॅमेऱ्यांतील आरशाचा मुलामा घरच्या आरशाप्रमाणें काचेच्या पाठीमागें नसून पुढच्या पृष्ठभागावर असतो. सत्तर वर्षांत धूळ, वाफ आणि आपल्याकडील पावसाळा ह्यांनीं तो विटतो. टोपण उघडलें असतांच त्याकडे बॅटरीच्या उजेडांत पाहावें. धूळ असेल तर फुंकणीनें उडवावी; फडक्यानें कधींहि घासूं नये, मुलामा निघून येतो. मुलामाच गेला असेल तर पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला नवा आरसा मापानें कापून बसवावा, पण जाडी जुन्याइतकीच ठेवावी. कारण आरसा जाड झाला तरी वर सांगितलेलें अंतर बदलतेंच. संस्कृतांत आरशाला आदर्श म्हणतात. आमच्या कॅमेऱ्यांतील आदर्श अर्धा मलिन होता, आणि आम्हीं सारा दोष काचेच्या माथीं मारला होता.

दुसरी गोष्ट जागेची. नवी काच घेतांना ती किती उजळ हें विचारण्यापूर्वीं, तिची खरखरीत बाजू जुन्या काचेच्या खरखरीत बाजूच्या ठिकाणींच येईल काय, हें विचारावें. ह्यासाठीं जुनी काच, फुटली असली तरी, फेकूं नये. तीच आपलें माप. कारखान्यांतील मापकानें तिची जाडी मोजून घ्यावी. कोणती बाजू खालीं होती ह्याची खूण करून ठेवावी. साधी दुधी काच उलटी बसविली तरीहि चित्र दिसतें, आणि म्हणूनच ती चूक लवकर ध्यानांत येत नाहीं. खरखरीत बाजू आवश्यकतेपेक्षां खालीं येत असेल तर काचेखालीं पातळ पट्ट्या घालून ती उचलतां येते. वर येत असेल तर तो उपाय नाहीं. अशा वेळीं पाहण्याचें भिंग आट्यांवर फिरवून जुळवितां येतें, पण तें कुशल कारागिराचें काम. घरीं त्याच्या नादीं लागूं नये.

तिसरी गोष्ट काचेच्या पोताची. साधी दुधी काच म्हणजे बारीक भुकटीनें घासलेली काच. हौशी माणसें ती घरींहि करतात : दोन काचांमध्यें कार्बोरंडमची ४०० ते ६०० नंबरची पूड व थोडें पाणी घालून, वर्तुळाकार फिरवीत, सारखी घासावयाची. पूड भरड असेल तर पोत जाड येतो, चित्र अंधुक दिसतें, बारीक तपशील कणांत हरवतात. पूड फार बारीक असेल तर उजेड वाढतो, पण काच जवळजवळ पारदर्शक होऊं लागते, आणि रेखीव व अरेखीव ह्यांतील भेद पुसट होतो. चांगल्या पोताच्या काचेवर चाक फिरवितांना चित्र एका क्षणीं टप्पकन् रेखीव होतें, आणि पुढें सरकलें कीं लगेच विरतें. हें टप्पकन् होणें हीच काचेची खरी कसोटी.

चौथी गोष्ट उजेडाची. साध्या काचेचे कोपरे काळे दिसतात, ह्याचें कारण असें कीं, कोपऱ्यावर तिरपा पडलेला प्रकाश त्याच तिरप्या दिशेनें बाहेर निघून जातो. डोळ्यापर्यंत पोंचतच नाहीं. ह्यावर उपाय म्हणजे फ्रेनेलचें भिंग. ऑग्युस्टें फ्रेनेल (१७८८–१८२७) ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें जाड भिंगाचा निरुपयोगी गाभा काढून टाकून, एकांत एक अशा कंगोऱ्यांच्या वर्तुळांचें पातळ भिंग बनविलें, आणि तें १८२३ सालीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआन दीपगृहांत प्रथम लावलें. तेंच तत्त्व प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर आणून कोपऱ्यांतील प्रकाश डोळ्याकडे वळविला जातो. रोलायच्या कारखान्यानेंहि असा पत्रा रोलायग्रिड ह्या नांवानें विकला. येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. ह्या पत्र्यानें मध्यभाग फारसा उजळत नाहीं. उजळतात ते कोपरे. आणि तो दुधी काचेच्या वर ठेविला तर अंतरास धक्का लागत नाहीं. खालीं ठेविला तर प्रकाशाच्या वाटेंत एक भिंग वाढलें म्हणून हिशेब चुकतो.

ह्याच्याहि पुढच्या पायरीचे पडदे आहेत. त्यांत काच वेडीवांकडी घासलेली नसून पृष्ठभागावर अतिसूक्ष्म भिंगें नियमित रचलेलीं असतात. मिनोल्टा कंपनीचा ॲक्यूट-मॅट हा त्यांतला प्रसिद्ध. स्वीडनच्या हॅसेलब्लाडनेंहि तो आपल्या कॅमेऱ्यांसाठीं घेतला. असे पडदे उत्तम असतात, पण ते ज्या कॅमेऱ्यासाठीं केले त्यांतच. ते कापून दुसऱ्या कॅमेऱ्यांत घातले तर काय होऊं शकतें, ह्याचा पुरावा आमच्या भिंतीवर आहे.

पांचवी गोष्ट खुणांची. कांहीं काचांवर आडव्याउभ्या रेघा असतात. देवळें, वाडे ह्यांचीं चित्रें सरळ काढण्यास त्या फार उपयोगी. कांहींच्या मध्यभागीं दुभंग वर्तुळ असतें. चित्र रेखीव नसेल तर उभी रेघ तुटलेली दिसते, रेखीव झालें कीं जुळते. वृद्ध डोळ्यांस ही सोय मोठी आहे, कारण पुसटपणा ओळखण्यापेक्षां तुटलेली रेघ ओळखणें सोपें जातें. पण माणसाचे डोळे चित्राच्या मध्यावर क्वचितच असतात. प्रथम मध्यावर जुळवून मग कॅमेरा हलवावा लागतो, आणि जवळच्या चित्रांत त्या हलविण्यानेंहि थोडी चूक शिरते.

एकच भिंग असलेल्या पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यांसहि हें सर्व लागू आहे. १९५९ सालच्या निकॉन एफ पासून काचा बदलण्याची सोय प्रसिद्ध झाली. त्यांना अक्षरांचीं नांवें होतीं. बी म्हणजे साधी, ई म्हणजे रेघांची, के म्हणजे दुभंग वर्तुळाभोंवतीं सूक्ष्म लोलकांचें कडें असलेली. ऑलिंपस ओएम-१ ची काच तर पुढचें भिंग काढून, त्याच तोंडांतून चिमट्यानें बदलतां येते. मात्र अशा कॅमेऱ्यास एफ/५·६ किंवा त्याहून लहान छिद्राचें भिंग लावलें तर दुभंग वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. दूरचीं लांब भिंगें वापरणारांनीं साधी काचच घ्यावी. आमच्या रोलायकॉर्डचें वरचें भिंग एफ/३·२ चें आहे, म्हणून तेथें ही अडचण येत नाहीं.

घरच्या घरीं परीक्षा

आतां सर्वांत महत्त्वाचें. काच कोणतीहि घ्या, तिची परीक्षा घेतल्यावांचून तिच्यावर एकहि फिल्म खर्चूं नका. परीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि तिला खर्च नाहीं.

कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. त्यांत फिल्म नसावी. मागचें झांकण उघडून, फिल्म ज्या आंतल्या पट्ट्यांवर टेकते त्यांवर एक लहान दुधी काच, खरखरीत बाजू भिंगाकडे करून, टेकवावी. ती नसेल तर साध्या काचेच्या तुकड्यावर गुळगुळीत ताणून बसविलेला बटरपेपर चालतो, कागद भिंगाकडे ठेवावा. शटर बी वर ठेवून तारेच्या कळीनें उघडें धरावें, आणि छिद्र पूर्ण उघडावें. मग वर्तमानपत्र भिंतीवर लावून, पांच फुटांवरून, वरच्या काचेवर अक्षरें रेखीव करावीं, आणि भिंगानें मागच्या काचेवर पाहावीं. दोन्हीकडे एकाच वेळीं रेखीव असलीं तर काच खरी. नंतर हेंच दूरच्या डोंगरावर किंवा विजेच्या मनोऱ्यावर करावें. भिंग अनंताच्या खुणेवर असतांना दोन्हीकडे कडा स्वच्छ दिसली पाहिजे. एकदां केलेली परीक्षा पुरे म्हणूं नये. तीन वेळां करावी, आणि शक्य तर दुसऱ्याच्या डोळ्यांनीं एकदां करवावी. म्हातारा डोळा स्वतःची समजूत फार लवकर घालतो.

आम्हीं अखेर काय निवडलें ? जुन्या काचेच्या मापाची, तेवढ्याच जाडीची, मध्यम पोताची साधी दुधी काच पुतण्यानें करवून आणली. तिच्यावर फ्रेनेलचा पातळ पत्रा ठेविला. आरसा नवा घातला. आतां चित्र त्या कापलेल्या पडद्याइतकें झगझगीत दिसत नाहीं. संध्याकाळीं तर डोक्यावरून काळें फडकें घ्यावें लागतें. पण पांडवगडाची कडा अनंताच्या खुणेवर स्वच्छ दिसते, आणि काच जें सांगते तेंच फिल्म लिहिते. प्लॅस्टिकच्या पत्र्यास स्पिरिट किंवा थिनर लावूं नये, हेंहि येथेंच सांगून टाकतों. त्यानें तो कायमचा धुरकटतो. साधी काच मात्र कॅमेऱ्याबाहेर काढून सौम्य साबणाच्या पाण्यानें धुतां येते.

अक्काचें तें चित्र आम्हीं फाडून टाकणार होतों. सौ. नीं तें करूं दिलें नाहीं. त्यांनीं तें मढवून माजघरांत, त्याच खांबाशेजारीं लावलें आहे. येणारे-जाणारे विचारतात, "हें खांबाचें चित्र कशाला लावलें आहे ?" आम्ही सांगतों, "त्याला टेकून कोण बसलें आहे तें पाहा." जवळ जाऊन पाहिलें म्हणजे धुक्यांतून नऊवारीचा पदर, कपाळाची रेघ आणि न हंसणारे ओंठ हळूहळू दिसूं लागतात. आम्हांस ते दिसतात, कारण आम्ही तिला ओळखतों. पुढच्या पिढीस ते दिसणार नाहींत, आणि फोटो काढावयाचा तो त्यांच्याचसाठीं.

गेल्या दसऱ्यास आम्हीं नव्या काचेची परीक्षा तीन वेळां घेतली आणि मग सौ. ना त्याच खांबाला टेकून बसविलें. उजेड तोच, अंतर तेंच, छिद्र तेंच. त्या म्हणाल्या, "मी मात्र हंसणार हो." फिल्म पुण्याहून परत आली तेव्हां पाकीट त्यांनींच उघडलें. चित्रांत खांब पुसट आहे आणि त्यांच्या चष्म्याच्या कांचेंत आमच्या माजघराची खिडकी, गजांसकट, स्वच्छ दिसते.